पावणेदोनची हाक

यंदा आमच्या शेतात उन्हाळी धान नाही. आसगावच्या पानठेल्यावर लोक विचारतात, "मास्तर, बोअर हाये, पाणी हाये, मंग धान काहून नाई लावला?" मी सांगतो की गुडघे दुखतात, आता रात्रीबेरात्री शेतात जाणं होत नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि स्वतःच्या गुडघ्यांचं सांगायला लागतो. माझे गुडघे ठणठणीत आहेत. खरं कारण पानठेल्यावर सांगण्यासारखं नाही. ते बायकोच्या झोपेचं आहे, आणि त्या झोपेशी मी जे केलं त्याचं आहे.

आधी माझ्या झोपेबद्दल. मी घोरतो. हे आमच्या घरात गुपित नाही आणि गल्लीतही नाही. मुलगी लहान असताना म्हणायची, बाबा झोपले की घरात थ्रेशर सुरू होतो. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात बायको रोज लाल डोळ्यांनी उठायची आणि माझी आई तिला विचारायची, "बाई, करमत नाई का तुले?" ती बिचारी काय सांगणार! पुढे तिला सवय झाली. इतकी, की मी बाहेरगावी गेलो तर घर फार शांत वाटतं म्हणून तिला झोप यायची नाही. हे तिने मला एकदा सांगितलं तेव्हा मी आठवडाभर खुशीत होतो.

नोकरीत असेपर्यंत ही झोप कोणाच्या आड आली नाही. शाळेत विज्ञान शिकवलं, अकराची शाळा, दहाला सायकल काढली की झालं. निवृत्त झालो आणि वडिलांची तीन एकर शेती स्वतः करायला घेतली, तेव्हा पंचाईत झाली.

आमच्याकडे पावसाळी धान निघाला की ज्याच्याजवळ बोअर आहे तो उन्हाळी धान लावतो. पाऊस नाही, तळ्याचं पाणी तळाशी गेलेलं. सगळी भिस्त बोअरच्या मोटारीवर. आणि मोटारीची लाईन, म्हणजे वीज, शेतीला पाळीने मिळते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ती दोनच्या सुमारास येते आणि सकाळी जाते. तेवढ्या वेळात शेतात जायचं, मोटार चालू करायची, आणि पाणी बांध घातलेल्या एका वाफ्यातून, आमच्या भाषेत बांधीतून, दुसऱ्या बांधीत फोडत बसायचं. लाईन आली की मोटार आपोआप चालू करणारा स्विच मी एके वर्षी बसवला होता. एका रात्री लाईन धड आलीच नाही, अर्धीमुर्धी आली. स्विचने इमानदारीने मोटार चालू केली आणि मोटार जळाली. त्या दिवशी तो स्विच काढून मी माळ्यावर फेकला. तेव्हापासून हाताने चालू करायची, कानाने ऐकायची, आणि मग धुऱ्याच्या बांधावर बसायचं, हाच माझा नियम.

पण त्यासाठी उठायला हवं ना! मोबाईलवर गजर लावला, तो मी झोपेतच बंद करायचो. मग मोबाईल स्टीलच्या ताटात ठेवला. ताट असं थडथडायचं की शेजारचं कुत्रं उठून भुंकायचं, मी मात्र कूस बदलायचो. सकाळी बांधीला भेगा दिसल्या की मी घरभर चिडचिड करत फिरायचो. जणू काही झोपला होता तो मी नव्हे, दुसरंच कोणीतरी.

दोन वर्षांपूर्वी, धानाची रोपं लावून रोवणा आटोपला त्याच आठवड्यात, एका रात्री तिनेच मला हलवलं.

"अजी, उठा. लाईन आली असन."

पावणेदोन वाजले होते. मी उठलो, टॉर्च घेतला, गेलो. दुसऱ्या रात्री पुन्हा तीच हाक, पुन्हा पावणेदोन. तिसऱ्या रात्रीही. घड्याळ नाही, गजर नाही, बाई आपली ठरल्या वेळी उठते! मी सकाळी विचारलं, "कशी काय वं जाग येते तुले?"

"मले येते जाग," ती म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.

मी पुढे विचारलं नाही. मला कारण नको होतं, मला जाग हवी होती.

उलट मी गावभर सांगत सुटलो. माझ्या चुलतभावाचं शेत आमच्या धुऱ्याला लागून आहे; झोपेच्या बाबतीत तोही आमच्याच खानदानाचा. तो दुसऱ्या दिवशी घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, मलेबी एक मिस कॉल देत जा न." ती हसली. "देईन न भाऊ. तसबी मी जागीच असतो." आठ दिवसांत आणखी दोघे आले. पावणेदोनला उठून ती तिघांना मिस कॉल द्यायची आणि मग मला हाक मारायची. गावात तिचं कौतुक झालं. चुलतभावाने तर नव्या तांदळाची पायली आणून दिली, वहिनीचा मान म्हणून. तो तांदूळ मी चवीने खाल्ला.

तिने सांगितलंच नव्हतं असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तिने सांगितलं होतं. एकदा जेवायला वाढताना म्हणाली, "राती डोकं लई दुखते जी माझं."

"दिवसभर उन्हात फिरते तू, मंग दुखन नाई तं काय? फडकं बांधत जा."

पुन्हा एकदा म्हणाली. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पवनीला नेऊन चष्मा बदलून आणला आणि नवऱ्याचं कर्तव्य पार पाडल्यासारखा बसस्टँडवर तिला उसाचा रस पाजला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा बामची बाटली आणून दिली. चौथ्यांदा तिने सांगितलं नाही. रात्री म्हणजे नेमकं केव्हा, हे मी एकदाही विचारलं नाही. आयुष्यभर पोरांना शिकवलं की आधी प्रश्न नीट विचारा. आणि इथे पहिलाच प्रश्न मला सुचला नाही.

दिवसपाळीच्या आठवड्यात ती कधी उठते, हाही प्रश्न मला पडला नाही. त्या आठवड्यात मला कोणी उठवायचं नाही. मी घोरत असायचो.

मग ते नाटक झालं. आमच्या झाडीपट्टीत धान निघाल्यावर गावोगावी नाटकं होतात, रात्र रात्र चालतात. शेजारच्या गावात शंकरपटाच्या बैलशर्यतींनिमित्त मोठं नाटक होतं, आणि तिला नाटकाचं भारी वेड. रात्रपाळीचा आठवडा होता, म्हणून मी अट घातली की मध्यंतराला उठायचं. थंडी होती. मध्यंतराला तिने दोन ग्लास कडक चहा घेतला, मागे वळून वळून मंडपाकडे पाहिलं आणि निमूटपणे गाडीवर बसली. घरी येऊन आम्ही झोपलो ते उजाडल्यावरच उठलो. ती उठली नव्हती. तिघांनाही मिस कॉल गेला नव्हता. चौघांच्याही मोटारी रात्रभर गप्प.

मी तिला बोललो. आवाज चढवून बोललो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. "एक दिवस नाटक पायलं तं झालं, धान वाऱ्यावर!" पण मला आठवतं, त्या सकाळी तिचा चेहरा ताजातवाना होता. मी बोलत होतो, ती खाली मान घालून भांडी घासत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत न पाहिलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, हिला माझ्या बोलण्याचं काहीच नाही. मी अजून चिडलो.

पंधरा दिवसांनी पाहुणे आले होते. जेवणं होऊन गप्पा रंगल्या, दहाला सगळ्यांसाठी चहा झाला. त्याही रात्री ती उठली नाही.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष. रात्री चहा घेतला की हिला जाग येत नाही. साऱ्या जगाची चहाने झोप उडते आणि हिला चहाने लागते, अशी उलटी तऱ्हा. कारण कळत नव्हतं, पण नियम तर सापडला होता. मी स्वतःवर खूश झालो आणि तिला सांगून टाकलं की दिवस बुडाल्यावर चहा घ्यायचा नाही.

"चहा घेतला का बरं वाटते जी मले," ती म्हणाली.

"सवय हाये ती. सवयीले बरंच वाटते."

"मंग दिवसपाळीत घेतला तं चालन का?"

हे ती विचारत होती. छप्पन्न वर्षांची बाई, स्वतःच्या चुलीवर, स्वतः केलेला एक कप चहा पिऊ का म्हणून मला विचारत होती. आणि मी म्हटलं, नाही. एक आठवडा प्यायचा आणि एक आठवडा नाही, असं केलं तर सवय मोडायची नाही. सरसकट बंद. ती "बरं" म्हणाली. तिने खरंच बंद केला. चोरून वगैरे पिणारी ती नाहीच.

चैत्र निघाला. आमच्याकडे तेव्हा अंगणात खाटा टाकून झोपतात. धान निसवत होता, म्हणजे पोटरीतून लोंब्या बाहेर येत होत्या. या दिवसांत पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, लोंबी नुसती पोचट राहते. रात्रपाळीच्या आठवड्याची पहिलीच रात्र होती. माझी दाढ ठणकत होती आणि आयुष्यात क्वचित घडतं ते घडलं, मला झोप लागली नाही. मी बराच वेळ तळमळत होतो. तिला उठवून लवंग मागावी असा विचार करत होतो. डबा कुठे आहे मला ठाऊक नव्हतं म्हणून.

एवढ्यात ती उठून बसली. कोणीतरी दांडक्याने ढोसावं तशी उठली. दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं. मला वाटलं स्वप्न पडलं असेल, मी बोलणार होतो. पण ती खाटेवरून उतरली आणि भिंत धरत रांजणाकडे गेली. उन्हाळ्यात आमचा पाण्याचा रांजण अंगणातच वाळूवर असतो. तिने वाकून रांजणाच्या गार पोटाला कपाळ टेकवलं. मग ते या बाजूने, त्या बाजूने फिरवू लागली. पदराचा बोळा तोंडात धरलेला होता. आवाज नव्हता. मध्येच ती उभी राहायची, चार पावलं जायची, परत येऊन रांजणाला डोकं टेकायची. ओसरीवरचा बारका दिवा तिच्या पाठीवर पडला होता आणि ती पाठ हलत होती.

पदर तोंडात का, हे मला लगेच समजलं. माझी झोप मोडू नये म्हणून.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दहा मिनिटं असतील, जास्तही असतील. मग तिने लोट्याने तोंडावर पाणी मारलं, पदर डोक्याभोवती गच्च आवळून बांधला, खाटेवरचा मोबाईल घेतला. एक मिस कॉल. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून, उजेड सहन होत नसल्यासारखी. मग ती माझ्या खाटेशी आली.

मी डोळे मिटले.

का मिटले, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्या क्षणी उठून बसलो असतो, तिचा हात धरला असता, तर ही गोष्ट तिथेच संपली असती आणि मी बरा माणूस ठरलो असतो. पण उठून बसलो असतो तर काहीतरी करावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी दवाखाना, मग भंडारा, मग नागपूर, आणि इकडे धान निसवत होता. हे सगळं माझ्या डोक्यात त्या दोन श्वासांत येऊन गेलं. मी ठरवलं वगैरे नाही. नुसता पडून राहिलो.

ती थोडा वेळ तशीच उभी होती.

"अजी, उठा. लाईन आली असन."

आवाज रोजचाच. मऊ. त्यात दुखण्याचा मागमूस नव्हता. मी हललो नाही, कारण पहिल्या हाकेला मी कधीच उठत नसे. तिने दुसरी हाक मारली. मग मी डोळे चोळत उठलो, जांभईसुद्धा दिली. टॉर्च घेऊन शेतात गेलो, मोटार चालू केली. मोटार झकास चालत होती. पाणी पहिल्या बांधीत पसरलं, मग मी धुरा फोडून ते दुसऱ्या बांधीत सोडलं. दाढेचं दुखणं कुठे गेलं होतं कोण जाणे.

सकाळी मी तिला म्हटलं नाही की मी पाहिलं. म्हटलं, धान निघाला की दवाखान्यात नेऊ. हे मनातल्या मनात म्हटलं. त्या आठवड्यात तिने मला आणखी सहा रात्री उठवलं. मग दिवसपाळीचा आठवडा आला, त्यात ती एकटीच उठली असणार. मी झोपलो होतो. मग पुन्हा रात्रपाळीच्या सात रात्री. मी मोजल्या आहेत. सहा आणि सात, तेरा. पाहिल्यानंतरच्या तेरा रात्री मी तिच्या दुखण्यावर उठलो आणि पाणी दिलं. धान असा आला की बघणारे थांबून बघायचे.

कापणी झाल्यावर आम्ही भंडाऱ्याला गेलो. मेंदूच्या आजारांची एक डॉक्टरीण नागपूरहून आठवड्यातून एकदा तिथे येत असे. एसटीने कारध्याचा पूल ओलांडताना बायकोने नेहमीसारखा वैनगंगेला हात जोडून नमस्कार केला. मी खिडकीबाहेर बघत होतो.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिने तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला. "रात्री म्हणजे साधारण किती वाजता?"

"पावणेदोन," बायको म्हणाली.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"पावणेदोनच. पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे."

डॉक्टरणीने लिहिणं थांबवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यातून पाणी येतं का, उलटी होते का, एका बाजूला दुखतं का, दिवसा कधी दुखतं का, सगळं विचारलं. मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले, रक्तदाब पाहिला. दुसरं काही नाही याची खात्री झाल्यावर पुढच्या खेपेला तिने समजावून सांगितलं. हे एक दुर्मिळ दुखणं आहे. बहुतेक पन्नाशीनंतर सुरू होतं. फक्त झोपेत येतं आणि झोपेतून उठवतं, तेही रोज ठरल्या वेळी. "आम्ही लोक याला गजराची डोकेदुखी म्हणतो," ती हसून म्हणाली. "घड्याळ लावल्यासारखं येतं ना, म्हणून."

मला हसू आलं नाही. बायको मात्र जरा हसली.

"आता गंमत ऐका," डॉक्टरीण म्हणाली. "यावर पुष्कळांना साध्या कॉफीने आराम पडतो. झोपायच्या आधी एक कप, कडक. तेवढ्याने नाही भागलं तर गोळ्या आहेत. चहानेही काहींना फरक पडतो. तुम्ही कधी रात्री चहा घेऊन पाहिला नाही का?"

खोलीत पंखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघायला लागलो. दोन उदाहरणांवरून मी काढलेला नियम बरोबर निघाला होता. हिचं औषध मला डॉक्टरच्या आधी सापडलं होतं, आणि सापडल्याबरोबर मी ते बंद केलं होतं. मी तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं. तेही झालं नाही.

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरणीला म्हणाली, "रातच्याला चहा घेत नाई आमच्या घरी."

बस्स, एवढंच. तक्रार नाही, टोमणा नाही. घरची एखादी रीत सांगावी तसं सांगितलं.

त्या रात्रीपासून कॉफी मी करू लागलो. चहा-कॉफी करायची मला सवय नव्हती. पहिली कॉफी इतकी कडू झाली की ती पिताना तिने नाक दाबलं. पहिल्या काही रात्री फरक कमी पडला. मग एका सकाळी मी अंगणात दात घासत होतो आणि ती खाटेवरून दचकून उठली. ऊन अंगावर आलं होतं. "अवो बाई, किती वाजले?" म्हणाली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन तशीच बसून राहिली, डोकं जागेवर आहे का ते बघितल्यासारखी. मग रडली. मी तोंडात ब्रश धरून उभा. जवळ गेलो नाही. मला जवळ जायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

चुलतभावाला सगळं सांगितल्यावर तो हळहळला, आणि मग म्हणाला, "पण वहिनी, आता आमाले कोन उठवन?" सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या वर्षी मी पुन्हा उन्हाळी धान लावला. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं, पण बोअरला पाणी होतं आणि रान मोकळं ठेवायचं जिवावर आलं. ताट पुन्हा आणलं, त्यात दोन मोबाईल ठेवले. काही रात्री उठलो. एका आठवड्यात लागोपाठ दोन रात्री चुकलो. मी तिला एका शब्दाने बोललो नाही. फक्त सकाळी शेतातून आल्यावर ओसरीवर बसून म्हटलं, "निसवायले लागला धान." आणि एक सुस्कारा सोडला.

त्या रात्री तिला कॉफी दिली. ती कप घेऊन मोरीकडे गेली, चूळ भरते म्हणाली. मी झोपलो.

"अजी, उठा. लाईन आली असन."

मी ताडकन उठलो. पावणेदोन. पदर डोक्याला गच्च बांधलेला होता. मी तिला विचारलं नाही, टॉर्च लावून सरळ मोरीजवळ गेलो. तिथे आमचं कढीपत्त्याचं झाड आहे. त्याच्या बुडाशी माती काळी झाली होती आणि कॉफीचा वास येत होता.

मी शेतात गेलो नाही. परत चुलीपाशी गेलो, कॉफी केली, तिच्याजवळ बसलो आणि ती पूर्ण संपेपर्यंत उठलो नाही. धान कसाबसा आला. तोच शेवटचा.

पण तेवढ्याने मन शांत होईना. मी जे पाहिलं होतं आणि पाहून झोपेचं सोंग घेतलं होतं, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तिने मात्र मला उठवता यावं म्हणून आपली कॉफी झाडाच्या बुडाशी ओतून टाकली होती. ते मला सहन होईना. एका दुपारी ती ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. दाढ दुखत होती तिथपासून सगळं. रांजण, पदर, मिस कॉल. मी डोळे मिटले ते. त्यानंतरच्या तेरा रात्री. सांगताना मी सुपातल्या तांदळाकडे बघत राहिलो.

ती पाखडायची थांबली नाही.

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

"काय मालूम हाये?"

"तुमी जागे होते. घोरत नव्हते तुमी त्या राती."

तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"मी उभी रायली न खाटेजवळ. वाटलं, आता बोलतीन काई. मंग येळ झाली, तं उठवलं."

"आणि मंग... दुसऱ्या राती?"

"रोजच उभी रायली," ती म्हणाली, आणि तांदूळ डब्यात भरायला आत गेली.